वाफ बरी की गरम पाणी?

आपल्याकडे थंडी पडली की शेकोटी नाहीतर गोधडी. न्यूयॉर्कसारख्या शहरात मात्र बाहेर बर्फ साचतो, तेव्हा अख्खी इमारत ऊबदार ठेवावी लागते. त्यासाठी तळघरात बॉयलर असतो, म्हणजे मोठा बंबच म्हणा. त्याच्या नळ्या खोल्याखोल्यांत जातात आणि तिथले लोखंडी रेडिएटर तापवतात.

बऱ्याच जुन्या इमारतींत या नळ्यांतून वाफ जाते. ती स्वतःच्या दाबानं वर चढते, पंप लागत नाही. रेडिएटरमध्ये तिचं पुन्हा पाणी होतं आणि ते उतारानं खाली येतं. बर्फासारखं थंड पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या पाचपटीहून जास्त त्याची वाफ करायला लागते. ती सगळी वाफ खोलीत सोडते. म्हणूनच वाफेचा चटका उकळत्या पाण्याहून वाईट!

दुसऱ्या पद्धतीत गरम पाणीच पंपानं फिरवतात. पंपाला वीज लागते. पण थंडी कमी असेल तर पाणी कमी तापवून इंधन वाचवता येतं. आग बंद झाली तरी ऊब टिकते. वाफेसाठी मात्र पाणी उकळावंच लागतं.

वाफेच्या बॉयलरमध्ये पाणी आटलं किंवा वाफेची वाट तुंबली, तर मोठा अपघात होऊ शकतो. म्हणून त्याला पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह असतो.

आपला कुकर हा छोटा वाफेचा बॉयलरच. तो लावण्याआधी आत पाणी आहे ना, ते बघा. शिट्टीची नळी उजेडाकडे धरा. आरपार दिसली पाहिजे. आणि वाफ पूर्ण जिरल्याशिवाय झाकण ओढू नका.