दगडफूल खरवडू नका, छत्रीकडे बघा

पावसाळ्यात खापरखेडा शिवारातल्या पायवाटेने जाताना आंब्याच्या, कडुनिंबाच्या सालीवर राखाडी-हिरवट पापुद्रे दिसतात का पाहा. झाडाला खरूज झाली म्हणून काहीजण ते विळ्यानं खरवडतात. तसे करू नका. काळ्या मसाल्यातले दगडफूल याच जातकुळीतले. बुरशी आणि शेवाळ यांचा तो एकत्र संसार. झाडाचा रस ते शोषत नाही, सालीवर नुसते बसते. कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड मात्र त्याला सोसत नाही. शहरी हवेत दगडफूल टिकत नाही, हे पॅरिसच्या एका बागेत १८६६ सालीच नोंदले गेले. आपल्या शेजारी तर १३४० मेगावॅटचे वीज केंद्र! कुठल्या झाडावर दगडफूल आहे, कुठल्यावर नाही, हे ग्रामपंचायतीने दरवर्षी लिहून ठेवायला काय हरकत आहे?

खरी काळजी करा ती खोडाला चिकटलेल्या टणक छत्रीची. ती बाहेर दिसते तोवर आतले लाकूड बरेचदा कुजलेले असते. छत्री तोडून फेकली तरी आतली बुरशी जात नाही. गोठ्याजवळ, शाळेजवळ असे झाड असेल तर खोड ठोकून पाहा. पोकळ वाजले तर खाली जनावर बांधू नका, ग्रामपंचायतीला कळवा.

अन् हो, टेकोडे पक्क्या ओळखीचेच खा. शिजवलं की विष जातं, हे खोटं आहे.