संगणक स्मृति, प्रोसेसरच्या अधिकृत मर्यादेपेक्षा वेगवान
प्रोसेसरच्या उत्पादकाने ज्या कमाल वेगाची हमी दिलेली असते, त्याहून अधिक वेगासाठी विकली जाणारी मुख्य स्मृति म्हणजेच रॅम संगणकात बसविण्याचा प्रघात. अशी स्मृति बहुधा चालते; तथापि ती कोणत्या वेगाने चालेल, त्यापासून किती लाभ होईल व विदा (माहिती) कितपत सुरक्षित राहील, हे प्रश्न स्वतंत्रपणे विचारात घ्यावे लागतात.

रचना व वेग : मुख्य स्मृतीचा प्रत्येक घटक एक ट्रँझिस्टर व एक धारित्र यांचा बनलेला असतो. या रचनेचे एकस्व रॉबर्ट डेनार्ड (१९३२–२०२४) यांना १९६८ मध्ये मिळाले. धारित्रातील विद्युत् भार हळूहळू गळत असल्याने तो सतत नव्याने भरावा लागतो. डीडीआर प्रकारच्या स्मृतीत घड्याळ-स्पंदाच्या चढत्या व उतरत्या अशा दोन्ही कडांवर विदेचे वहन होते. त्यामुळे डीडीआर४-३२०० या नावातील ३२०० हा आकडा कंप्रतेचा (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्येचा) नसून दर सेकंदास होणाऱ्या दशलक्ष वहनांचा असतो. घड्याळाची कंप्रता त्याच्या निम्मी म्हणजे १,६०० मेगॅहर्ट्झ असते. प्रत्येक वहनात ८ बाइट जात असल्याने एका मार्गिकेची क्षमता सेकंदास २५·६ गिगॅबाइट होते.

अधिकृत मर्यादा : पूर्वी स्मृतीचा नियंत्रक मदरबोर्डवरील वेगळ्या चिपमध्ये असे. एएमडी कंपनीने २००३ मध्ये आणि इंटेलने २००८ मध्ये आपल्या वैयक्तिक संगणकांच्या प्रोसेसरांत तो अंतर्भूत केला. तेव्हापासून स्मृतीच्या वेगाची मर्यादा ही प्रोसेसरचीच मर्यादा ठरली. उत्पादित होणाऱ्या सर्व नगांनी प्रतिकूल परिस्थितीतही हा वेग गाठलाच पाहिजे, या हिशोबाने ती सावधपणे ठरविलेली असते. उदा., इंटेल कोअर आय७-८७०० या प्रोसेसरची मर्यादा डीडीआर४-२६६६ अशी आहे. मर्यादा पट्ट्यांच्या संख्येवरही अवलंबून असते. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत दोन पट्ट्यांसाठी ती डीडीआर५-५२०० असून चार पट्ट्या बसविल्यास ३६०० पर्यंत खाली येते. कारण पट्ट्या वाढल्या की विद्युत् संकेतांची शुद्धता टिकविणे अवघड होते.

वेगाची निश्चिती : प्रत्येक स्मृतिपट्टीवर एक छोटी कायम स्मृति असते व तीत पट्टीचे गुणधर्म नोंदलेले असतात. जेडेक या मानक संस्थेने ठरविलेले वेग हा या नोंदींचा मूळ भाग होय. त्याशिवाय जाहिरातीतील उच्च वेगाची नोंद वेगळी असते. इंटेलच्या पद्धतीत तिला एक्सएमपी (२००७) व एएमडीच्या पद्धतीत एक्स्पो (२०२२) म्हणतात. ही दुसरी नोंद वापरकर्त्याने बायॉसमध्ये जाऊन निवडल्याशिवाय सामान्यतः लागू होत नाही. त्यामुळे ३२०० म्हणून घेतलेली पट्टी तशीच बसविल्यास अनेकदा २१३३ किंवा २४०० या मूळ वेगाने चालते, म्हणजे साध्या २६६६ च्या पट्टीपेक्षाही मंद. बऱ्याच लॅपटॉपांत ही निवड करण्याची सोयच नसते. इंटेलच्या बी३६० सारख्या चिपसंचांत वेग प्रोसेसरच्या मर्यादेपलीकडे नेता येत नसे. बी५६० (२०२१) पासून मध्यम किंमतीच्या मदरबोर्डांवरही ती मुभा मिळाली. म्हणून खरेदीपूर्वी प्रोसेसर, मदरबोर्ड आणि पट्टी या तिन्हींची माहिती ताडून पाहणे आवश्यक ठरते.

विलंब : वहनाचा दर वाढला म्हणजे प्रतिसाद त्वरित मिळतोच असे नाही. मागणी केल्यापासून विदा मिळू लागेपर्यंत जाणारे स्पंद सीएल या संख्येने दर्शवितात. या संख्येला घड्याळाच्या कंप्रतेने भागले असता प्रत्यक्ष काळ मिळतो. डीडीआर४-३२०० सीएल१६ आणि डीडीआर४-३६०० सीएल१८ या दोहोंचा विलंब १० नॅनोसेकंद एवढाच आहे. ३६०० सीएल२० चा मात्र सु. ११·१ नॅनोसेकंद म्हणजे अधिक आहे. शिवाय स्मृतीचे घड्याळ व नियंत्रकाचे घड्याळ यांचा मेळ तुटल्यास नियंत्रक निम्म्या वेगावर जातो आणि मिळालेला लाभ काही अंशी गमावला जातो. या कारणाने एएमडीने रायझन ७००० साठी डीडीआर५-६००० हा वेग इष्टतम म्हणून सुचविला होता. परंतु तो अधिकृत मर्यादेपलीकडचाच आहे.

उपयुक्तता : प्रोसेसरमधील शीघ्र स्मृति बहुतेक मागण्या परस्पर भागविते. त्यामुळे पत्रलेखन, हिशोब यांसारख्या कामांत वेगवान स्मृतीचा फरक सहसा जाणवत नाही. चित्रनिर्मितीचे काम प्रोसेसरमधील अंतर्गत विभागाकडे असल्यास मात्र तो विभाग मुख्य स्मृतीच वापरीत असल्याने लाभ ठळकपणे दिसतो. मोठ्या विदासंचांवरील गणने, संकोचन व काही खेळ यांतही तो आढळतो. स्मृति अपुरी असल्यास वेग वाढविण्यापेक्षा तिची धारणक्षमता वाढविणे अधिक हितावह असते.

धोके व कसोटी : उच्च वेगासाठी विद्युत् दाब वाढवावा लागतो, डीडीआर४ मध्ये तो मानक १·२ व्होल्टऐवजी बहुधा १·३५ व्होल्ट असतो. असा वापर प्रोसेसरच्या हमीत सामान्यतः बसत नाही. संगणक सुरूच न होणे हा दोष त्रासदायक असला, तरी तो लगेच कळतो. खरा धोका क्वचित घडणाऱ्या, न दिसणाऱ्या चुकांचा असतो. स्मृतीत एक द्विमान अंक उलटला, तर चुकीची विदा कायम साठवणीत लिहिली जाते व तिच्या राखीव प्रतीही तशाच बनतात. डीडीआर५ च्या चिपांत अंतर्गत दोषनिवारण असते. परंतु चिप ते प्रोसेसर या मार्गावर घडणाऱ्या चुका त्याने सुधारत नाहीत. त्यासाठी संपूर्ण दोषनिवारणाची वेगळी स्मृति लागते. म्हणून वेग वाढविल्यानंतर मेमटेस्ट८६ सारख्या कसोटीचे अनेक फेरे काही तास चालवितात. एकही चूक आढळल्यास वेग एक पायरी खाली आणणे इष्ट होय. हिशोब, संशोधन, रुग्णनोंदी इ. महत्त्वाची विदा जेथे हाताळली जाते, तेथे अधिकृत मर्यादेतच राहणे श्रेयस्कर ठरते.