रोजच्या पाच ओळी : इंग्रजी लिहिण्याचा घरगुती सराव



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन जणांनी मला विचारलं, "इंग्रजीसाठी क्लास आहेत, व्हिडिओ आहेत, मग हे रोजचं लिहिणं कशाला?" उत्तर देण्याआधी एक प्रसंग सांगते.

माझ्या संध्याकाळच्या वर्गाला एक नर्स यायची. मराठी शाळेत शिकलेली, नर्सिंगचा कोर्स केलेली, एका छोट्या हॉस्पिटलात रात्रपाळी करणारी. सकाळी ड्यूटी सोडताना वहीत रात्रीचा रिपोर्ट लिहायचा, तो इंग्रजीत. एका रात्री वॉर्डातल्या एक आजी बाथरूमच्या दारात पडल्या. लागलं फार नाही. आजी स्वतःच म्हणाल्या, "चक्कर-बिक्कर काही नाही गं, फरशी ओली होती, पाय घसरला." हिने वहीत लिहिलं, 'पेशंट फेल डाउन ड्यू टू गिडीनेस.' म्हणजे चक्कर येऊन पडल्या! हे वाक्य त्या वहीत आधी चार-पाच वेळा आलेलं होतं, तिला ते पाठ होतं. सकाळी डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला. आजींचं बी.पी. पुन्हा पुन्हा मोजलं, रक्त तपासायला पाठवलं. फरशीकडे कुणी पाहिलंच नाही. दोन दिवसांनी तिथेच आणखी एक पेशंट घसरला.

मला हे सांगताना ती रडली. म्हणाली, "मॅडम, मला खोटं लिहायचं नव्हतं हो. मला जे वाक्य येत होतं ते मी लिहिलं."

मंडळी, आजचं माझं सगळं बोलणं या एका वाक्याभोवती आहे. आपल्याला इंग्रजीत जे येतं ते आपण लिहितो, आणि जे घडलं ते राहून जातं. गंमत बघा, 'फ्लोअर' तिला माहीत होतं, 'वेट' माहीत होतं, 'स्लिप' माहीत होतं. पण 'शी स्लिप्ड बिकॉज द फ्लोअर वॉज वेट' हे वाक्य तिने आयुष्यात कधी बांधलं नव्हतं. शब्द होते, बांधायची सवय नव्हती.

ती सवय का नव्हती? तुम्ही-आम्ही शाळेत इंग्रजी कसं लिहिलं ते आठवा. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असायचं. २००० सालापासून ते पहिलीपासून आलं. वर्षं वाढली, पण लिहायचं काय? 'अ रेनी डे', 'माय बेस्ट फ्रेंड', आणि रजेचा अर्ज. निबंध गाइडमधून पाठ. सगळ्या वर्गाचा बेस्ट फ्रेंड एकच, त्याच उंचीचा, त्याच स्वभावाचा. (हशा) त्याआधीच्या पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. त्या पुस्तकाचे उपकार मोठे आहेत, व्याकरण पक्कं व्हायचं. पण तिथेही वाक्य पुस्तकाचं, आपण फक्त ते उलटवायचं. आपल्या घरात काल काय झालं, हे इंग्रजीत सांगायची वेळ कुणावर आलीच नाही.

याला अभ्यासाचाही आधार आहे. कॅनडात इंग्रजी घरांतल्या मुलांना फ्रेंच माध्यमाच्या वर्गात घालायचा प्रयोग झाला. कित्येक वर्षं बरेचसे विषय फ्रेंचमधून. मुलांना फ्रेंच उत्तम समजायचं, पण बोलताना-लिहिताना ती फ्रेंच मुलांच्या मागे पडायची. टोरंटोच्या मेरिल स्वेन या भाषातज्ज्ञ बाईंनी १९८५ साली यावर मांडणी केली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : ऐकून-वाचून अर्थ लागतो, पण अर्थ लागायला प्रत्येक शब्दाचं रूप नीट पाहावं लागत नाही. संदर्भावरून भागतं. स्वतः वाक्य करायला बसलं की मात्र अडायला होतं, आणि अडलं की कळतं, आपल्याला नेमकं काय येत नाही. तुम्ही तासन्‌तास इंग्रजी मालिका बघता, सगळं समजतं, आणि दोन ओळींचा मेल लिहायला अर्धा तास लागतो. त्याचं कारण हे.

आता कृतीकडे येऊ. एक साधी वही घ्या. रोज रात्री दहा मिनिटं, पाच ओळी. डाव्या पानावर लिहायचं, उजवं पान कोरं ठेवायचं, ते दुरुस्तीसाठी. विषय एकच : आज काय घडलं. विचार नको, सुविचार तर नकोच. दूध नासलं, बस चुकली, शेजाऱ्यांच्या पाहुण्यांनी आपल्या दारात गाडी लावली. असं काहीही.

लिहिताना शब्द अडला तर डिक्शनरी उघडायची नाही. तिथे मराठी शब्द लिहून पुढे जायचं. 'आय क्लीन्ड द ओटा.' चालेल! पाच ओळी झाल्या की मग शोधा : किचन काउंटर. तो उजव्या पानावर लिहा. आधीच शोधायला गेलात तर दहा मिनिटं मोबाइलमध्ये जातात आणि वाक्य राहतं.

शब्दसंग्रहाची भीती बाळगू नका. मायकेल वेस्ट नावाचे शिक्षणतज्ज्ञ ब्रिटिश काळात बंगालमध्ये, ढाक्याला होते. इंग्रजीतल्या सगळ्यात उपयोगी अशा सुमारे दोन हजार शब्दांची त्यांची यादी १९५३ साली प्रसिद्ध झाली. रोजच्या घडामोडींना तेवढ्यात पुष्कळ भागतं. आणि आपला दिवस फिरून फिरून त्याच वीस-पंचवीस क्रियापदांवर येतो : गेलो, आलो, खाल्लं, घेतलं, दिलं, विसरलो, सापडलं. वेंट, केम, एट, बॉट, गेव्ह, फरगॉट, फाउंड. ही वेडीवाकडी भूतकाळी रूपं तक्ता पाठ करून राहत नाहीत. आठवडाभर रोज रात्री लागली की बोटांत बसतात.

आता आपण मराठी माणसं कुठे अडखळतो ते सांगते. आपल्या चुका आपल्या मराठीतून येतात, त्यामुळे त्या आधीच ओळखता येतात.

पहिली अडचण, 'अ' आणि 'द'. मराठीत असे शब्द नाहीत, म्हणून आपण ते एकतर गाळतो, नाहीतर मिठासारखे भुरभुरवतो. पण गोष्ट सांगताना आपण काय म्हणतो? 'एका गावात एक राजा होता. तो राजा फार लोभी होता.' पहिल्यांदा 'एक', नंतर 'तो'. बहुतेक वेळा हाच हिशेब इंग्रजीत. 'अ मॅन केम टू द डोअर. द मॅन वॉज सेलिंग ब्रूम्स.' माणूस नवीन, म्हणून 'अ'. दुसऱ्या वाक्यात तो ओळखीचा झाला, म्हणून 'द'. आणि दार? ते आपलंच, कुठलं ते ऐकणाऱ्याला कळतं, म्हणून पहिल्यापासून 'द'. सगळे नियम यात बसत नाहीत, पण रोजच्या पाच ओळींना एवढं पुरतं.

दुसरी, 'मला'ची वाक्यं. मला भूक लागली, मला थंडी वाजते, मला उशीर झाला, मला कंटाळा आला. मराठीत भूक येऊन आपल्याला लागते, आपण नुसते बसलेले असतो. इंग्रजीत माणूस पुढे येतो : आय वॉज हंग्री, आय वॉज कोल्ड, आय वॉज लेट. आणि कंटाळ्याला जपा. 'आय वॉज बोर्ड' म्हणजे मला कंटाळा आला. 'आय वॉज बोरिंग' म्हणजे मी कंटाळवाणी होते. माझ्या वर्गात दर वर्षी कुणीतरी ही प्रामाणिक कबुली देतंच. (हशा)

तिसरी, पेला. 'पेला फुटला', 'मी पेला फोडला' आणि 'माझ्या हातून पेला फुटला'. मराठीत ही तीन वेगळी वाक्यं आहेत, घरात त्यावरून भांडणं होतात. 'द ग्लास ब्रोक' आणि 'आय ब्रोक द ग्लास' ही पहिली दोन. तिसऱ्यासाठी इंग्रजीत 'हातून' नाही. 'आय ब्रोक द ग्लास बाय ॲक्सिडेंट' म्हणा, किंवा सरळ घडलेलं सांगा : 'द ग्लास स्लिप्ड फ्रॉम माय हँड अँड ब्रोक.' हे वाक्य लिहिताना तुम्हाला ठरवावं लागतं, की नक्की काय झालं. नर्सचं आणि आजींचं तेच होतं ना?

चौथी, काळ. 'मी रोज सहाला उठते' याचं आपण 'आय ॲम वेकिंग अप ॲट सिक्स एव्हरी डे' करतो. सवय असेल तर साधं 'आय वेक अप'. आणि 'डिड' आलं की पुढचं क्रियापद मूळ रूपात : 'आय डिड नॉट गो'. 'डिड नॉट वेंट' नाही, भूतकाळ एकदाच सांगायचा. तसंच 'परवा'. आपला परवा मागचाही असतो आणि पुढचाही. इंग्रजीत निवड करावी लागते : 'द डे बिफोर यस्टरडे' की 'द डे आफ्टर टुमॉरो'.

काही शब्दांना इंग्रजीत जागाच नाही. फोडणी, उष्टं, माहेर, हळदीकुंकवाचं वाण. इथे घाबरून विषय सोडायचा नाही, नाहीतर पुन्हा जे येतं तेच लिहिलं जाईल. आपला शब्द ठेवा आणि पुढे चार शब्दांत तो सांगा. 'आय मेड पिठलं, अ थिक करी ऑफ ग्राम फ्लार.' माहेरी गेलात तर 'आय वेंट टू माय पेरेंट्स हाउस' लिहा. माहेरातलं सगळं त्यात येत नाही हे खरं. मग पुढच्या ओळीत सांगा, की तिथे गेल्यावर दुपारी दोन तास झोपले आणि कुणी उठवलं नाही. आलं की नाही माहेर? (टाळ्या)

आता दुरुस्ती. 'मॅडम, आमच्याकडे तपासणारं कुणी नाही' ही नेहमीची तक्रार. बेंजामिन फ्रँकलिननेही आपलं लिहिणं स्वतःच तपासलं. अठराव्या शतकात बोस्टनमध्ये भावाच्या छापखान्यात उमेदवारी करणारा हा मुलगा. आत्मचरित्रात त्याने आपली रीत सांगितली आहे. 'स्पेक्टेटर' नावाच्या नियतकालिकातला चांगला लेख घ्यायचा, प्रत्येक वाक्याचा मुद्दा थोडक्यात टिपायचा, काही दिवस बाजूला ठेवायचं, मग लेख न बघता त्या मुद्द्यांवरून तो पुन्हा लिहायचा आणि मूळ लेखाशी ताडून चुका सुधारायच्या. इंग्रजी त्याची स्वतःची भाषा होती, तरीही त्याने हे केलं. आपण आठवड्यातून एकदा करू. सोप्या इंग्रजी गोष्टीतला एक परिच्छेद घ्या, मुद्दे मराठीत टिपा, रविवारी इंग्रजीत लिहा आणि ताडून बघा.

मोबाइलवरच्या एआयची मदत घ्यायला हरकत नाही. पण त्याला 'हे सुंदर करून दे' म्हणू नका. तो करून देईल, पण त्यात तुमचा नासलेला दूध-चहा राहणार नाही. आधी स्वतः लिहा, मग विचारा, 'चुका कुठे आहेत आणि का?' उत्तर उजव्या पानावर आपल्या हाताने उतरवा. एका दिवशी एकाच प्रकारची चूक धरा. या आठवड्यात फक्त 'अ' आणि 'द', पुढच्या आठवड्यात काळ. सगळ्या चुका एकदम धरल्या की वही बंद पडते.

(श्रोत्यांतून प्रश्न : आधी व्याकरण पूर्ण करायला नको का?)

काका, तुम्ही सायकल शिकलात तेव्हा आधी चेन कशी फिरते ते शिकलात का? व्याकरण लागतं, नक्की लागतं. पण अडल्यावर उघडलेलं व्याकरणाचं पान लक्षात राहतं. परीक्षेसाठी उघडलेलं परीक्षेपर्यंतच राहतं.

(प्रश्न : घरात मुलं इंग्रजी माध्यमात आहेत. वही बघून हसतात.)

ताई, हा प्रश्न व्याकरणापेक्षा मोठा आहे. पुष्कळ जण लिहीत नाहीत ते या हसण्याच्या भीतीनेच. माझा सल्ला असा, की मुलांना उजवं पान द्या. सांगा, चूक शोध आणि का चूक ते मला समजावून दे. मुलांना बरोबर काय ते माहीत असतं, कारण सांगताना तीही अडतात. मग हसणं आपोआप कमी होतं. आणि कधीतरी त्यांना तुमच्यासारख्या पाच ओळी मराठीत लिहायला सांगा. (हशा, टाळ्या)

शेवटी त्या नर्सचं सांगते. तिने वही सुरू केली. पहिल्या महिन्यात रोज तेच : उठले, गेले, जेवले, झोपले. मग हळूहळू ओळी वेगळ्या व्हायला लागल्या. एकदा तिने लिहिलं होतं, 'टुडे आय आस्क्ड द मामा टू ड्राय द बाथरूम फ्लोअर. ही सेड, लेटर. आय स्टूड देअर अंटिल ही डिड इट.' वॉर्डबॉयला त्यांच्याकडे मामा म्हणतात. या तीन वाक्यांत मला दुरुस्त करायला काहीच नव्हतं. मी उजव्या पानावर फक्त तारीख घातली.

आज घरी गेल्यावर पाच ओळी लिहा. पहिली ओळ तयारच आहे, आज संध्याकाळी कुठे गेला होतात ती. पुढच्या चार तुमच्या.