दूरस्थ ग्रहाचे वातावरण आणि पुराव्याची कसोटी

सिंह राशीच्या दिशेस, आपल्यापासून सुमारे १२४ प्रकाशवर्षे अंतरावर, एक मंद तांबडा तारा आहे. त्याच्याभोवती सुमारे ३३ दिवसांत प्रदक्षिणा पुरी करणारा, पृथ्वीच्या अडीचपटींहून किंचित अधिक त्रिज्येचा आणि साडेआठपटींच्या आसपास वस्तुमानाचा ‘के२-१८बी’ हा ग्रह २०१५ साली केप्लर दुर्बिणीच्या निरीक्षणांतून उजेडात आला. पृथ्वीस सूर्यापासून मिळते जवळजवळ तितकीच ऊर्जा त्याला आपल्या ताऱ्यापासून मिळत असल्यामुळे, तेथे द्रवरूप पाणी व कदाचित जीवसृष्टीही असेल काय, या प्रश्नाने खगोलशास्त्रज्ञांचे लक्ष त्याच्याकडे वेधले गेले.

हा ग्रह ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचे तेज हजारात सुमारे तीन भागांनी घटते. त्याच वेळी ग्रहाच्या कडेवरील वातावरणाच्या पातळ कंकणातून गाळून आलेल्या किरणांतले विशिष्ट तरंगलांबीचे किरण तेथील रेणू शोषून घेतात आणि त्या शोषणावरून वायूंची ओळख पटते. मात्र हा परिणाम इतका सूक्ष्म असतो, की ताऱ्यावरील डाग किंवा उपकरणाचा क्षुल्लक दोषही निष्कर्षाची दिशा पालटू शकतो.

याचा दाखला याच ग्रहाच्या इतिहासात सापडतो. हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून २०१९ साली तेथे पाण्याची वाफ असल्याचे जाहीर झाले. परंतु २५ डिसेंबर २०२१ रोजी अवकाशात झेपावलेल्या, साडेसहा मीटर व्यासाचा आरसा असलेल्या जेम्स वेब दुर्बिणीच्या नोंदी हाती आल्यावर, केंब्रिजचे निक्कू मधुसूदन व त्यांचे सहकारी यांना २०२३ साली मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड आढळले. हबलच्या तरंगलांबींच्या मर्यादित पल्ल्यात पाणी व मिथेन यांच्या खुणा एकमेकींत मिसळत असल्यामुळे, जी खूण पाण्याची मानली गेली ती बहुधा मिथेनची होती.

पुढे एप्रिल २०२५ मध्ये याच गटाने डायमिथाइल सल्फाइड किंवा त्याचा सजातीय रेणू तेथे असावा, असा दावा मांडला. पृथ्वीवर हा वायू मुख्यत्वे सागरी सूक्ष्म वनस्पतींपासून उत्पन्न होत असल्याने जगभर खळबळ उडाली. तथापि हा संकेत तीन सिग्मा पातळीचा, म्हणजे केवळ योगायोगाने तसा उमटण्याची शक्यता हजारात सुमारे तीन, इतकाच होता. शोधास सामान्यतः पाच सिग्मांची अपेक्षा धरतात. त्याच नोंदींची स्वतंत्र छाननी करणाऱ्या इतर गटांना पुरावा अपुरा वाटला. शिवाय डायमिथाइल सल्फाइडचा रेणू ६७पी या धूमकेतूवर सापडला आहे आणि प्रयोगशाळेत निर्जीव वायूंपासूनही बनला आहे. म्हणून तो निःसंशय आढळला तरी जीवसृष्टी सिद्ध होत नाही.

ही छाननी म्हणजे शोधाचा उपमर्द नव्हे, त्याचा तो खरा सन्मान आहे. कारण मानवजातीच्या दप्तरी ज्याची नोंद कायमची राहावयाची, त्या निष्कर्षाने कठोरातली कठोर उलटतपासणी सोसलीच पाहिजे. यापुढे परग्रहावरील जीवनाची वार्ता कानी येईल तेव्हा वाचकांनी रेणू कोणता, खात्री किती आणि तो जीवनाविना निर्माण होऊ शकतो काय, हे अवश्य विचारावे. ‘के२-१८बी’पुरते पाहता, आजवरच्या नोंदींत सर्वांत भक्कम आधार मिथेनला आहे, जीवनाला नाही.