मोठा शिकारी, लहान भक्ष्य

कीटकांच्या जगात एकट्याने शिकार करणारा बहुधा आपल्याहून लहान भक्ष्य निवडतो. मुंग्यांची गोष्ट वेगळी. त्या संख्येच्या बळावर मोठाले किडेही ओढून नेतात. अशा नाना शत्रूंपासून बचाव कसा करावयाचा, हे पुष्कळदा भक्ष्याच्या स्वतःच्या आकारमानावर ठरते. मधमाश्यांकडे पाहिले म्हणजे हे स्पष्ट होते.

आपल्या तीन परिचित देशी मधमाश्यांपैकी फुलोरी सर्वांत लहान. तिच्या नांगीला फारसा जोर नाही. म्हणून ती झुडपात दडून पोळे बांधते आणि आधाराच्या डहाळीला दोन्ही बाजूंनी चिकट राळेचे कडे लेपते. चालून येणाऱ्या मुंग्या तेथेच अडतात. सुमारे १७ मिलिमीटर लांबीच्या आग्या माशीला दडण्याची गरज नसते. तिच्या उघड्या पोळ्यापाशी गांधीलमाशी घिरट्या घालू लागली की शेकडो माश्या क्रमाक्रमाने पोट उचलतात, पोळ्यावरून एक लाट झरकन सरकते आणि शिकारी बिचकून दूर होतो.

सातेरी या दोघींच्या मधली, ढोलीत राहणारी. जपानमधील तिच्या जातभाईंना जगातील सर्वांत मोठ्या गांधीलमाशीशी सामना द्यावा लागतो. ही गांधीलमाशी मधमाशीच्या तिपटीहून लांब असते. आणि लांबी तिप्पट झाली की, बांधा तोच असल्यास, वजन सत्तावीस पट होते! तिच्या जाड कवचापुढे नांगी निरुपयोगी ठरते. म्हणून टेहळणीस आलेली गांधीलमाशी आत शिरताच पाचशेहून अधिक मधमाश्या तिला चहूकडून वेढतात व उडण्याचे स्नायू थरथरवून उष्णता निर्माण करतात. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानी संशोधनानुसार या गोळ्याचे तापमान ४७ अंश सेल्सिअसपर्यंत चढते. गांधीलमाशी ४४ ते ४६ अंशांत मरते, मधमाशी ४८ ते ५० अंशांपर्यंत तग धरते. सारा खेळ या दोन-चार अंशांचा. गोळ्यात साठणारा कार्बन डायऑक्साइडही शत्रूची सहनशक्ती कमी करतो, असे पुढे आढळून आले. ही टेहळी जिवंत सुटली, तर पोळ्यावर गंधाची खूण करून आपल्या सोबतिणींना घेऊन येते.

एकोणिसाव्या शतकात जपानमध्ये आणलेल्या युरोपीय मधमाशीला ही युक्ती अवगत नाही. तिच्या मूळ प्रदेशात एवढा मोठा शत्रूच नव्हता. ती एकेकटी बाहेर येऊन झुंजते व मरते. काही डझन गांधीलमाश्या हजारो माश्यांची वसाहत थोड्या तासांत संपवितात. म्हणून तेथील मधपाळांना पेट्यांच्या तोंडाशी सापळे लावावे लागतात.