कापशी उडणार कधी?

चारशेची लेन्स हातात आली की पाय आपोआप पक्ष्याकडे वळतात. थांबा! कापशी घारीने तुम्हाला आधीच पाहिलंय. भिगवणच्या आसपासच्या माळरानावर ही राखाडी-पांढरी, लालभडक डोळ्यांची घार तारेवर बसलेली दिसली, तर गाडीतून उतरूच नका. चालत येणारा माणूस तिला खटकतो, उभी गाडी सहसा नाही. इंजिन बंद करा, लेन्स खिडकीत उशीवर टेकवा, शटर १/२००० वर ठेवा आणि वाट बघा. ती अंग आक्रसून तुमच्याकडेच टक लावून बघतेय? मग अंतर पुरे झालं. शिटली, की बोट शटरवर हवंच. बऱ्याचदा लगेच झेप असते. (हे कुठल्याच लेक्चरला शिकवत नाहीत!) नशीब असेल तर ती उंदरावर नजर ठेवून हवेत एकाच जागी पंख फडफडवत थांबलेली मिळेल.

फ्लाइट शॉटसाठी खडा मारून पक्षी उडवणारेही भेटतात. त्यांना एक क्लिक मिळतो, तिची शिकार जाते. घरट्याजवळ तर फिरकूच नका. गिधाडाची जोडी हंगामात एकच अंडं घालते. ती उठली, की अंडं उघड्यावर. घरट्याचं लोकेशनही टॅग करू नका. आणि सरावाला कॉलेजच्या गच्चीवर घिरट्या घालणाऱ्या आपल्या नेहमीच्या घारी आहेतच की.