वरचा डेक, खालचा डेक

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

माझ्या लहानपणी आमच्या गावाहून मुंबईला जायचे तर बोटीने जावे लागे. आमच्या बंदराला धक्का नव्हता. बोट लांब समुद्रात उभी राहायची आणि पडावातून माणसे, ट्रंका, आंब्याच्या पेट्या आणि कोंबड्या असे सगळे एकत्रच तिच्यापर्यंत जायचे. बोटीवर दोन डेक असत, वरचा आणि खालचा. खालच्या डेकवर इंजिनाची धग, तेलाचा वास आणि माणसाला माणूस चिकटलेला. वरच्या डेकवर वारा. तिकिटात फरक होताच.

एका वर्षी वडिलांनी घरची पाच तिकिटे काढली. चार खालच्या डेकची आणि एक वरच्या डेकचे, ते दादीसाठी. काका म्हणाले, "एकाच घरातली माणसं, मग हा भेद कशाला?" वडील म्हणाले, "आपण आडवे झालो की सकाळीच उठतो. तिला झोप येत नाही. तिला वारा पाहिजे." एवढेच बोलून ते ट्रंक बांधायला लागले.

ही गोष्ट आज आठवण्याचे कारण असे की, गेल्या वर्षी आमच्या घरात क्रूझने फिरायला जायची टूम निघाली. घरात आम्ही सहा जण. माझी ऐंशीच्या घरातली आई, आम्ही दोघे, मुलगा, सून आणि चार वर्षांची नात. मुलाने टेबलावर दोन रंगीत माहितीपत्रके ठेवली. एक 'बजेट' कंपनीचे, दुसरे 'प्रीमियम'. तो म्हणाला, "अब्बा, माणशी पंचवीस हजारांचा फरक आहे. काय करायचं?" मी कवी माणूस. हिशेबाचा आणि माझा संबंध बेताचाच. पण हा पैसा मुलाच्या दोन वर्षांच्या बचतीचा होता, आणि आईला असा प्रवास पुन्हा घडेल याची खात्री कोणी द्यायची? म्हणून मी वही घेऊन बसलो. त्या वहीतले थोडे आज तुम्हाला सांगतो.

आधी हे दर्जे म्हणजे काय ते पाहू. या धंद्यात साधारण तीन पायऱ्या मानतात. पहिली सर्वसाधारण किंवा बजेट. कार्निव्हल, रॉयल कॅरिबियन, एमएससी, नॉर्वेजियन या कंपन्या इथे येतात. दुसरी प्रीमियम, म्हणजे सेलिब्रिटी, प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका. तिसरी चैनीची, म्हणजे सिल्व्हरसी, सीबोर्न, रीजंट. गंमत अशी की, या पायऱ्यांचे मालक बरेचदा एकच असतात. सेलिब्रिटी आणि सिल्व्हरसी या रॉयल कॅरिबियनच्या समूहातल्या. प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका आणि सीबोर्न या कार्निव्हल समूहातल्या. म्हणजे एकाच दुकानदाराने तीन काउंटर मांडले आहेत. तेव्हा 'स्वस्त कंपनी फसवी आणि महाग कंपनी प्रामाणिक' असा समज कोणी करून घेऊ नये.

मग फरक कशाचा? मुख्यतः जागेचा आणि हातांचा. जहाजाचे 'ग्रॉस टन' सांगतात ते वजन नसते, ते जहाजातल्या बंदिस्त जागेचे माप असते. त्याला प्रवाशांच्या संख्येने भागले की माणशी किती जागा मिळते याचा अंदाज येतो. कार्निव्हल व्हिस्टा हे जहाज सुमारे १ लाख ३३ हजार टनांचे आणि प्रवासी ३,९०० च्या आसपास. भागाकार ३४. सेलिब्रिटी एज सुमारे १ लाख ३० हजार टनांचे आणि प्रवासी २,९००. भागाकार ४५. सिल्व्हर नोव्हा सुमारे ५४,७०० टनांचे आणि प्रवासी अवघे ७२८. भागाकार ७५. तसेच हातांचे. व्हिस्टावर एका कर्मचाऱ्यामागे पावणेतीन प्रवासी, एजवर सव्वादोन, नोव्हावर दीडपेक्षाही कमी. चहाचा पेला किती वेळाने हातात येतो ते या आकड्यांवर ठरते.

पण या भागाकारात एक मेख आहे. जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून आयकॉन ऑफ द सीज हे प्रचंड जहाज निघाले. ते कुटुंबांसाठीच बांधलेले. सुमारे २ लाख ४८ हजार टन आणि ५,६१० प्रवासी. भागाकार ४४, म्हणजे जवळपास प्रीमियमइतका! पण हे ५,६१० एका केबिनमध्ये दोघेच धरून. घरोघरची पोरे तिसऱ्या-चौथ्या बर्थवर आली की हा आकडा ७,६०० पर्यंत जाऊ शकतो, आणि भागाकार ३३ वर उतरतो. मे महिन्यात, दिवाळीत, नाताळात पोरे येणारच. म्हणून जहाज कोणते याइतकेच ते कोणत्या आठवड्यात, हेही विचारावे.

आता पैशाकडे वळू. माहितीपत्रकावरचा आकडा म्हणजे लग्नपत्रिकेवरचा मुहूर्त. खरी वेळ पुढेच असते. आमच्या सहा जणांचा चार रात्रींचा हिशेब मी असा मांडला. आकडे अंदाजाचे आहेत, रीत तेवढी लक्षात ठेवा. समजा बजेट जहाजाचे भाडे माणशी ४० हजार, म्हणजे २ लाख ४० हजार. बंदराचे शुल्क आणि कर माणशी ८ हजार, म्हणजे ४८ हजार. कर्मचाऱ्यांची टिप बहुतेक कंपन्या रोजच्या रोज माणशी खात्यात लावतात. ती साधारण १५ ते २० डॉलर असते, आणि बऱ्याच ठिकाणी लहान मुलांचीही घेतात. १८ डॉलर धरले आणि डॉलर ९० रुपयांचा धरला, तर चार दिवसांचे सुमारे ३९ हजार. दोन फोनवर इंटरनेट, रोजचे २० डॉलर प्रमाणे, १४ हजार. एका बंदरावर उतरून कंपनीच्या बसने फिरणे, माणशी ७० डॉलर प्रमाणे, ३८ हजार. बेरीज पावणेचार लाखांच्या थोडी पुढे जाते. निघालो होतो अडीच लाखांच्या आतून!

प्रीमियमचे भाडे माणशी ६५ हजार धरू. ३ लाख ९० हजार झाले. बंदराचे शुल्क तेच, फिरणेही तेच. पण टिप आणि इंटरनेट भाड्यातच धरलेले पॅकेज घेतले, तर बेरीज पावणेपाच लाखांच्या जरा पुढे जाऊन थांबते. पत्रकावर दीड लाखाची वाटणारी तफावत आता लाखाच्या आत आली. उलटही होऊ शकते. ज्या घराला इंटरनेट नको, जे बंदरावर उतरून स्वतःच पायी फिरतील, त्यांना बजेट जहाज खरोखरच स्वस्त पडते. आमच्या घरात कोणी दारू पीत नाही. मग 'पेये मोफत' म्हणून ज्याचे भाडे चढवलेले आहे, ते पॅकेज आम्ही का घ्यावे? दुसऱ्याच्या पेल्याचे पैसे आपण भरण्यात काय अर्थ? तेव्हा पहिला नियम असा की, दोन भाड्यांची तुलना करू नये, दोन शेवटच्या बिलांची करावी.

दुसरा नियम मला हिशेबाच्या वहीने शिकवला नाही, तो वडिलांच्या तिकिटांनी शिकवला. कंपनीचा दर्जा ठरवण्याआधी घरातले सर्वांत लहान आणि सर्वांत म्हातारे माणूस डोळ्यांसमोर आणावे. मधल्यांचे कुठेही निभते.

लहानांचे आधी. वायकिंग आणि व्हर्जिन व्हॉयेजेस या कंपन्या अठरा वर्षांखालील कोणालाच घेत नाहीत, म्हणजे पैसे असूनही नातीला घेऊन जाता येणार नाही. प्रीमियम जहाजांवर मुलांसाठी खोली असते, पण पुष्कळदा तिथे खेळायला दुसरी मुलेच थोडी असतात. पाण्याच्या घसरगुंड्या, मुलांचे क्लब आणि गर्दीतला किलबिलाट बजेट जहाजांवर जास्त. आपल्याला तो गोंगाट वाटतो, पण चार वर्षांच्या मुलीला तीच सहल वाटते. मात्र क्लबची वयोमर्यादा विचारून घ्यावी. बहुतेक ठिकाणी तीन वर्षे पूर्ण आणि लंगोट सुटलेला, अशी अट असते. सहा महिन्यांखालच्या बाळाला तर सहसा जहाजावर घेतच नाहीत.

आता म्हाताऱ्यांचे. केबिनचे चार प्रकार असतात. बिनखिडकीची आतली, खिडकीची, बाल्कनीची आणि वर सूट. जहाज सर्वांत कमी हलते ते मध्यभागी आणि खालच्या मजल्यांवर. लिफ्टपासून केबिन किती लांब, हे म्हाताऱ्या गुडघ्यांना फार महत्त्वाचे, कारण ही जहाजे तीनशे मीटरपर्यंत आणि त्याहूनही लांब असतात. 'गॅरंटी केबिन' म्हणून जी स्वस्त तिकिटे विकतात, त्यात केबिन कंपनी निवडते. आई एका टोकाला आणि आपण दुसऱ्या टोकाला, असे होऊ शकते. चाकांची खुर्ची जाईल अशा केबिन दर जहाजावर मोजक्याच, त्या आधीच मागाव्या लागतात. आणि एक प्रश्न कोकणातल्या माणसाला लगेच समजेल. जहाज धक्क्याला लागते, की बाहेर उभे राहून लहान बोटींनी उतरवते? आमच्या त्या पडावासारखेच ते. लाटेवर हलणाऱ्या बोटीत ऐंशीच्या माणसाला पाय टाकायला सांगू नये. जहाज कितीही महागाचे असले तरी ती लाट स्वस्त होत नाही.

जेवणाचेही तसेच. आमच्याकडे हलालचा प्रश्न, कोणाकडे जैन जेवणाचा. जे जहाज आपल्या बाजूच्या प्रवाशांवर चालते तिथे ही सोय सहज मिळते. सिंगापूरहून फिरणाऱ्या गेंटिंग ड्रीमवर हलाल आणि शाकाहारी जेवणाचा विचार आधीपासून केलेला आहे. युरोपातल्या एखाद्या उंची जहाजावर मागाल ते मिळेल, पण ते आधी कळवून. ताटावर बसल्यावर आईने "हे काय आहे?" असे रोज विचारावे आणि आपण अंदाजाने उत्तर द्यावे, याला सहल म्हणत नाहीत.

मग पैशाने काय विकत मिळत नाही? सुरक्षितता. हे मी आनंदाने सांगतो. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली तेव्हा पहिल्या वर्गातल्या जवळपास सगळ्या स्त्रिया वाचल्या, तिसऱ्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया बुडाल्या. त्यानंतर १९१४ मध्ये 'सोलास' हा सागरी सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. पुढे तो वेळोवेळी सुधारला गेला. आज जीवरक्षक नौकेत बिनखिडकीच्या केबिनलाही जागा आहे आणि सूटलाही. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकणी घरांत ती आठवण अजून निघते. इटलीत कोस्टा कॉन्कॉर्डिया उलटली ते तर अगदी अलीकडे, १३ जानेवारी २०१२ रोजी. ३२ माणसे दगावली. त्या दिवशी चढलेल्या प्रवाशांची सुरक्षा कवायत तोवर झालेलीच नव्हती. आता ती जहाज निघण्याआधीच किंवा निघताच घ्यावी लागते. तेव्हा कवायतीला बोलावले की कंटाळा करू नका. नातीलाही आपली जागा पाठ करून द्या.

आजारपण मात्र सगळीकडे महाग. जहाजावरचा डॉक्टर फुकट नसतो. म्हणून प्रवासाचा विमा घ्यावा, त्यात आईचे जुने दुखणे धरले आहे का ते वाचावे. आणि परदेशातून जहाज धरणार असाल तर एकदाच नव्हे, अनेक वेळा प्रवेश देणारा व्हिसा लागतो, कारण जहाज त्या देशाबाहेर जाऊन परत येते. ज्यांना आधी चाचपून पाहायचे त्यांनी मुंबईहून देशातल्या देशात जाणारी दोन रात्रींची फेरी घ्यावी. सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलियाने अशा फेऱ्या सुरू केल्या, त्या १९९० साली रॉयल कॅरिबियनसाठी बांधलेल्या एका जुन्या जहाजावर. बोट लागते की नाही, हे दोन रात्रींत कळते. फक्त पावसाळा टाळावा.

प्रीमियम कोणी घ्यावे, तेही सांगतो. घरात सगळी मोठी माणसे आहेत, आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षे झाली आहेत, आठ-दहा दिवस जायचे आहे आणि शांतपणे जेवायचे, वाचायचे, गप्पा मारायच्या आहेत, तर तो लाखभर रुपयांचा फरक अवश्य द्यावा. तिथे तो वाया जात नाही.

आम्ही शेवटी सिंगापूरहून चार रात्रींचे बजेट जहाज घेतले आणि वाचलेल्या पैशांतला काही भाग एका केबिनवर घातला. मधोमध, लिफ्टजवळ, बाल्कनीची. तिच्यात आई, माझी पत्नी, नात आणि वरून खाली ओढायच्या बर्थवर मी. मुलगा आणि सून बिनखिडकीच्या केबिनमध्ये. सूनबाई हसून म्हणाली, "अब्बा, आम्ही झोपायलाच येणार तिथे."

दुसऱ्या रात्री जाग आली तर आईचा पलंग रिकामा. बाल्कनीत खुर्ची टाकून ती बसली होती, अंगावर शाल, मांडीवर झोपलेली नात. मी म्हटले, "अम्मा, झोप येत नाही का?" ती म्हणाली, "वारा चांगला आहे." मी शिडी चढून परत माझ्या बर्थवर आडवा झालो आणि सकाळीच उठलो.